पंख्याचा आवाज

आण्णांची गाडी घरी यायची तेव्हा आधी पंखा ऐकू यायचा, मग इंजिन, आणि सगळ्यात शेवटी हॉर्न. कराडजवळच्या आमच्या गावात रात्री अकरा-साडेअकराला गाडी हायवे सोडून आत वळली, की ओढ्यापलीकडून घोंगावणं सुरू व्हायचं. लांब कुठं वादळ उठलंय असं वाटावं तसं. आई उठायची, चुलीत दोन काटक्या सारायची आणि आंघोळीचं पाणी ठेवायची. ट्रकचा आवाज म्हणजे हाच, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. त्यातला बराचसा आवाज पंख्याचा असतो हे पॉलिटेक्निकला गेल्यावर कळलं. आता मी तिथंच पोरांना शिकवते.

त्या गाडीचा पंखा, म्हणजे रेडिएटरच्या जाळीतून हवा ओढून इंजिनाचं पाणी निववणारा, इंजिनाच्या पुढच्या पुलीवर बोल्टांनी आवळलेला होता. इंजिन चालू तोवर पंखा चालू. थंडीतल्या पहाटे पाणी गार असलं तरी फिरणार, रस्ता सपाट असून समोरून भरपूर वारा येत असला तरी फिरणार. आणि एवढं फिरूनही मे महिन्यात खंडाळ्याच्या घाटात पाणी उकळायचंच. आण्णांच्या उजव्या कोपराखाली पांढुरका डाग आहे. उकळत्या रेडिएटरचं झाकण ओलं गोणपाट टाकून उघडताना वाफेनं भाजलेला. त्यांनी मला गाडीतलं पहिलं काही शिकवलं असेल तर ते हेच, की गरम रेडिएटरला हात लावायचा नाही.

गेल्या चैत्रात धाकट्या भावाचा फोन आला. त्याची सहा टायरी गाडी आहे. गूळ घेऊन वाशीच्या मार्केटला जातो, परतीला मिळेल तो माल भरतो.

"अक्का, गाडी ओढंना झालीया. ॲव्हरेज पण पडलंय. वाशीत एकजण भेटला, म्हणला हा पंखा काढून टाक, करंटवरचे दोन बसव. गाडी हलकी हुती, डिझेल वाचतंय. बसवू का?"

'बसव' किंवा 'नको' असं एका शब्दात सांगता आलं असतं. सांगितलं नाही. ट्रकधंद्यात निम्म्याहून जास्त खर्च डिझेलचा. लिटरला नव्वदच्या घरात भाव, वर हप्ता, टायर, टोल. अशा माणसाला कुणी "पंखा बदल, डिझेल वाचेल" म्हटलं तर तो बदलणारच. मी त्याला म्हटलं, थांब चार दिवस. परतीला वारज्यात मला गाडीत घे, मला आधी तुझा पंखा ऐकू दे.

पहाटे पाचला मी वारज्यात कॅबीनमध्ये चढले. भाऊ रात्री तिथंच गाडी लावून झोपला होता, म्हणजे इंजिन पूर्ण गार. त्यानं सेल्फ मारला आणि पंखा गर्जला. इथवर ठीक होतं. हल्लीच्या ट्रकांना व्हिस्कस पंखा असतो आणि गार इंजिनावर तो पहिली एक-दोन मिनिटं असाच ओरडतो. त्याच्या मधल्या डब्यात घट्ट सिलिकॉन तेल असतं. रात्रभर गाडी उभी राहिली की ते मनाला येईल तिथं जाऊन बसतं, आणि सुरुवातीला इंजिनाचा फेर पंख्याला जास्त पकडतो. मग तेल आपल्या कप्प्यात परत जातं, पकड सुटते, आवाज खाली येतो.

आमचा आवाज खाली आला नाही. नवले पुलावरून नऱ्ह्याचा चढ लागला तेव्हा तो होताच, कात्रजचा नवा बोगदा ओलांडल्यावरही होता. खेड शिवापूरचा टोल गेला. शिरवळच्या सपाटीला गाडी साठनं चाललेली, बाहेर पहाटेचा गारवा, पाण्याच्या तापमानाचा काटा निम्म्याच्याही खाली. पंखा मात्र घाट चढत असल्यासारखा. भावाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तो म्हणाला, "असाच हाय की ह्यो, दोन-तीन म्हयन्यांपासनं." आण्णांच्या गाडीत वाढलेल्या पोराला पंख्याचा आवाज खटकणार कसा?

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, बॅटरीची वायर काढून ठेवली आणि कॅबीन पुढं वाकवली. मी पंख्याचं पातं धरून फिरवायला गेले. चांगला व्हिस्कस पंखा हातानं फिरवला की फिरतो, पण जड. गुऱ्हाळातल्या थंड झालेल्या काकवीत उलथनं फिरवावं तसा. सोडला की लगेच थांबतो. हा फिरलाच नाही. पातं आणि पुली एकजीव झाली होती, आतलं बेअरिंग धरलं होतं. मिस्त्रींनी हब, म्हणजे पंख्याचा तो मधला डबा, उतरवून माझ्या हातात दिला तेव्हा तो नीट पाहता आला. भाकरीएवढी ॲल्युमिनियमची तबकडी, मागंपुढं उष्णता जावी म्हणून पातळ पाकळ्या, आणि पुढच्या तोंडावर घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं पितळी रंगाचं वेटोळं. या सगळ्या यंत्राची अक्कल त्या वेटोळ्यात असते. दोन धातूंच्या पट्ट्या एकीवर एक चिकटवलेल्या असतात आणि तापल्यावर दोन्ही सारख्या वाढत नाहीत. म्हणून रेडिएटरमधून येणारी हवा साधारण 60-70 अंशांवर गेली की वेटोळं पिळतं, आतली झडप उघडते, तेल पकडीच्या खोबणीत शिरतं आणि पंखा जागा होतो. हवा निवली की उलटं. ना वायर, ना सेन्सर, ना ड्रायव्हरनं दाबायचं बटण. मला हे वेटोळं फार आवडतं. वर्गात मी ते दरवर्षी दिव्यावर तापवून दाखवते आणि शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढं येऊन बघतात. भावाच्या हबवरच्या वेटोळ्यावर मात्र मातीचा आणि तेलाचा राप बसला होता.

आता हिशोब. तो मी भावाला त्याच्याच वहीत मांडून दाखवला.

पंख्याचा एक नियम आहे आणि तो मोठा कठोर आहे. फेरे दुप्पट केले की हवा दुप्पट जाते, पण त्याला लागणारी ताकद आठपट होते. उलट, फेरे निम्मे केले की ताकद आठव्या हिश्शावर येते. समजा, या आकाराच्या गाडीचा पंखा इंजिनाच्या मिनिटाला 2600 फेऱ्यांना 10 अश्वशक्ती खातो. सपाटीला इंजिन 1700 वर चाललंय, म्हणजे पंखा पूर्ण पकडलेला असेल तर 3 अश्वशक्तीच्या थोडं आत. त्या वेगाला गाडी ओढायला इंजिनाला 60 अश्वशक्ती लागत असेल, तर शंभरातले जवळपास पाच रुपये पंख्याला चालले. तोच पंखा सुटला आणि इंजिनाच्या पावपट फेऱ्यांनी नुसता रेंगाळत राहिला तर? पावपट म्हणजे ताकद चौसष्टावा हिस्सा. तीनाचा चौसष्टावा. वहीत लिहावा एवढाही उरत नाही.

कराड-वाशी-कराड सुमारे 560 किलोमीटर. लिटरला सहा पडतं असं धरलं तर 93 लिटर. त्यातले पाच टक्के म्हणजे साडेचार लिटर, म्हणजे खेपेला चारशे रुपये, जे कधी लागले ते कळत नाही आणि पावतीवरही दिसत नाहीत. महिन्याला आठ खेपा धरा. भाऊ बराच वेळ वहीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे करंटचा बसवला असता तर फरक पडलाच असता की!"

पडला असता. माझ्या मते सगळी फसगत होते ती इथंच. ज्याचा पंखा कायमचा पकडलेला आहे, मग तो आण्णांच्या गाडीसारखा बोल्टांनी आवळलेला असो की जाम झालेल्या व्हिस्कसचा, त्यानं इलेक्ट्रिक पंखा बसवला की डिझेल खरंच वाचतं आणि गाडी खरंच मोकळी वाटते. तो दहा जणांना सांगतो, आणि खोटं सांगत नसतो. पण ती बचत विजेनं केलेली नसते. पंखा नको तेव्हा थांबला, त्याची ती बचत. चांगला व्हिस्कस हेच काम करतो. तो असलेल्यानं वीजपंखा बसवला तर वाचवायला शिल्लकच काही नसतं. समोरून साठच्या वेगानं वारा येत असताना कुठलाच पंखा लागत नाही, आणि लांब पल्ल्याच्या ट्रकचा पंखा खरा जोरात फिरतो तो एकूण प्रवासातला अगदी थोडा वेळ.

मग घाटाचं काय? तिथं तर पंखा लागतोच, आणि नेमकी तिथंच ड्रायव्हरला एकेक अश्वशक्ती हवी असते. घाटात इंजिनाची दहा अश्वशक्ती मोकळी करून मिळाली तर कुणाला नको आहे? पण रेडिएटरला निवायला जेवढी हवा लागते तेवढी लागतेच. सेकंड गिअरमध्ये, पूर्ण लोडनं, पंधरा-वीसच्या वेगानं खंबाटकीचा घाट चढणारं इंजिन चाकांना जेवढी ताकद देतं, त्याच्या निम्म्याहून जास्त उष्णता पाण्यात आणि इंटरकूलरमध्ये, म्हणजे इंजिनात जाणारी हवा निववणाऱ्या जाळीत, ओतत असतं. 140 अश्वशक्तीच्या इंजिनाला साधारण 70-80 किलोवॉट. घरातला 2 किलोवॉटचा गीझर डोळ्यांपुढं आणा आणि तसे चाळीस गीझर एकदम चालू आहेत असं समजा. एवढी उष्णता बाहेर न्यायची तर ठरावीक हवा त्याच जाळीतून ढकलावी लागणार, आणि त्याला ठरावीक ताकद लागणार. ती पट्ट्यानं द्या नाही तर वायरनं द्या.

वायरनं दिली तर उलट तोटा. वीज बॅटरीत आपोआप येत नाही. तोच पट्टा वीज बनवणारा अल्टरनेटर फिरवतो, अल्टरनेटर डिझेलच्या ताकदीतला चाळीसेक टक्के भाग उष्णतेत घालवतो, पंख्याची मोटर आणखी वीस टक्के. पंख्यापर्यंत जेमतेम निम्मं पोहोचतं. शिवाय पोहोचवायचं कशातून? 10 अश्वशक्ती म्हणजे साडेसात किलोवॉट. 24 व्होल्टवर त्याला 310 अँपिअर लागतात. या वर्गातल्या गाडीचा अल्टरनेटर 80-100 अँपिअरचा, त्यातच हेडलाइट, वायपर, हॉर्न. म्हणजे बाजारात मिळणारे दोन इलेक्ट्रिक पंखे बसवले की होतं एवढंच, की दहा अश्वशक्तीचा पंखा काढून दोघांचा मिळून एक-दीड अश्वशक्तीचा बसवला. ताकद वाचते, कारण हवा वाचते. आणि घाटात हवा वाचवायची नसते.

भावाच्या एका दोस्ताची पिकअप याच पायी बसली. त्यानं गेल्या वर्षी भंगारातून कारचे दोन पंखे आणून बसवले, पंख्याभोवतीचं मूळ कडं काढून टाकलं, आणि चार महिने तो खुशीत होता. ॲव्हरेज वाढलंही होतं. मे महिन्यात कांदा भरून घाट चढताना रिलेजवळचा, म्हणजे पंख्यांना वीज जोडणाऱ्या स्विचजवळचा, कनेक्टर वितळला. पंखे बंद झाले ते त्याला कळलं नाही, कारण इंजिनाच्या आवाजात तसेही ते ऐकू येत नव्हते. काटा लाल झाल्यावर थांबला. हेड वाकलं, गॅस्केट गेलं. चार महिन्यांत वाचलेलं डिझेल आणि त्या एका दुपारचं बिल यांची तुलना मी करणार नाही, कारण तो माणूस ते कर्ज अजून फेडतो आहे. मला त्याचा राग येत नाही. राग येतो तो "गाडी हलकी होते" असं सांगून पंखे विकणाऱ्यांचा. रिले किती अँपिअरचा, वायर किती जाडीची, जुनं कडं का ठेवायचं, यातलं एक अक्षर ते बोलत नाहीत. त्या कड्यामुळं पंखा पूर्ण जाळीतून हवा ओढतो. ते काढलं की पात्याच्या कडेनं हवा गोल फिरत राहते आणि जाळीचे कोपरे तसेच तापतात.

मी विजेच्या पंख्याच्या विरोधात आहे असं मात्र कुणी समजू नये. आपल्याकडं 1983 साली मारुती 800 आली तेव्हा तिचं इंजिन आडवं होतं. त्याची पुली बाजूला तोंड करून, रेडिएटर पुढं. पट्ट्याचा पंखा बसणार कुठं? वीज हाच सरळ मार्ग होता आणि तो उत्तम चालला. लहान इंजिनाची उष्णताही थोडी, पाव-अर्ध्या अश्वशक्तीच्या पंख्यात भागते. मागं इंजिन असलेल्या शहरी बसचंही तसंच. तिथं रेडिएटर बाजूला किंवा पाठीमागं असतो, समोरचा वारा मिळतच नाही, आणि गाडी दर दोन मिनिटांनी थांबते. थांबलेल्या गाडीचं इंजिन 600 फेऱ्यांवर रेंगाळतं आणि त्याच्याबरोबर पट्ट्याचा पंखाही. विजेचा पंखा इंजिनाच्या फेऱ्यांना बांधलेला नसतो, सिग्नलला उभं असतानाही हवा तेवढा जोर धरतो. अशा बसना एका मोठ्या पंख्याऐवजी सहा-आठ लहान वीजपंखे, मोठ्या अल्टरनेटरसकट, कारखान्यातूनच बसवून येतात, आणि तिथं डिझेल खरोखर वाचतं. ती सगळी मांडणी एकत्र आखलेली असते. रस्त्याकडेच्या दुकानात दोन तासांत ती उभी राहत नाही.

आणि बॅटरीवर चालणारे ट्रक येतायत, त्यांच्यात तर हा प्रश्नच उलटा होतो. तिथं 600 व्होल्टच्या आसपास वीज हाताशी असते. त्याच साडेसात किलोवॉटला साडेबारा अँपिअर पुरतात, बारीक वायरीतूनही जातील. आज 24 व्होल्टवर जे परवडत नाही ते तिथं सहज होतं. माझ्या वर्गातली पोरं नोकरीला लागतील तेव्हा त्यांना हे व्हिस्कसचं वेटोळं कदाचित फक्त मी दाखवलेलं आठवेल. त्याचं मला थोडं वाईट वाटतं.

तर भावाच्या गाडीला आम्ही नवा हब बसवला. त्याच खेपेला रेडिएटर आणि इंटरकूलर यांच्यामधली फट उघडली. आत पाचटाचा भुगा, गवताची कुसं आणि मातीचा नमदा बसला होता. मिस्त्री सर्व्हिसिंगच्या प्रेशरनं मारायला निघाले, त्यांना थांबवलं, कारण जोराच्या पाण्यानं पाकळ्या झोपतात आणि मग हवा कायमची अडते. साध्या पाइपनं, इंजिनाच्या बाजूनं बाहेर, अर्धा दिवस धुतलं. बादलीभर कचरा निघाला. "ॲव्हरेज किती वाढलं" असं लोक भावाला विचारतात. मी त्याला सांगितलंय, एका खेपेच्या टाकीवरून आकडा सांगत बसू नको. वारा, लोड, घाटातली गर्दी, पंपावर नोझल कुठं थांबलं, यातच दोन-तीन टक्के इकडचे तिकडं होतात. खरं मोजायचं तर तशाच लोडची दुसरी गाडी, काही न बदललेली, त्याच वेळी त्याच रस्त्यानं बरोबर न्यायला हवी. तो म्हणतो, "अक्का, ओढतीया की आता. मला तेवढं बास."

आण्णा आता पंच्याहत्तरीचे आहेत. गाडी चालवणं सुटून बरीच वर्षं झाली. दिवाळीनंतर त्यांना पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं आणलं होतं, आणि परत जायला त्यांनी बसचं तिकीट नको म्हटलं. वाशीहून येणाऱ्या पोराच्या गाडीतून जायचं होतं त्यांना. मीही बरोबर गेले. ते खिडकीशी, मी मध्ये.

शिरवळ मागं पडलं. सपाट रस्ता, ऊन कोवळं, गाडी साठला. आण्णा दोनदा पुढं झुकले. मग डोळ्यांवरचा काळा चष्मा वर करून डॅशबोर्डकडं बघू लागले.

"पंखा बंद पडलाय का रं?"

"न्हाई आण्णा. आत्ता लागत न्हाई म्हणून गप हाय."

त्यांचं समाधान झालं नाही. काट्यावर नजर ठेवून बसले. काटा मध्यावर होता. पोराचा हात स्टिअरिंगवर सैल होता, ते बघितलं त्यांनी. माझ्याकडं बघितलं. काही बोलले नाहीत, पण गुडघ्यावरची मूठ तशीच आवळलेली.

साताऱ्याकडच्या खंडाळा गावानंतर खंबाटकीचा घाट सुरू झाला. पुढं लोखंडाच्या सळया घेतलेला ट्रेलर होता, त्याच्यामागं आम्ही सेकंडमध्ये. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. काटा मध्याच्या जरा वर सरकला. आणि मग पायाखालून, आधी लांबून आल्यासारखं, ते घोंगावणं वर आलं आणि कॅबीन भरून गेली.

आण्णांनी चष्मा डोळ्यांवर ओढला, पाठ सीटला टेकवली. "हां," म्हणाले, "आला."

घाटमाथ्यावर पोहोचेपर्यंत त्यांचा डोळा लागला होता.